मन किती ठीक आहे? प्रश्नावली निवडण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

पाच विधानं, प्रत्येकापुढे सहा पर्याय, वेळ जेमतेम दोन मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने १९९८ साली पुढे आणलेली ‘डब्ल्यूएचओ-५’ ही प्रश्नावली एवढीच आहे. डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ पेर बेक यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता, आणि आज ती तीसहून अधिक भाषांत वापरली जाते. उदासी मोजणारी पीएचक्यू-९ आणि चिंता मोजणारी जीएडी-७ ही तिची भावंडंही आता मोबाइलवर सहज सापडतात. लोक ती भरतात, आलेला आकडा बघतात, धसका घेतात किंवा निर्धास्त होतात, आणि विसरून जातात.

त्या आकड्याचं पुढे काय करायचं हे कुणी फारसं सांगत नाही, म्हणून हा लेख. स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनाची तब्येत काही महिने लक्ष ठेवून बघायची असेल, किंवा शाळेत, ऑफिसात, बचत गटात अशी प्रश्नावली वापरायचा विचार असेल, तर इथली पद्धत उपयोगी पडेल. माझं म्हणणं थोडक्यात असं: आकडा किती आला याच्या आधी तो कसा घेतला हे बघा. घाईत, कुणाच्या तरी देखत, भलत्याच दिवशी घेतलेला आकडा अचूक बेरीज करूनही निरुपयोगी असतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट. जीव नकोसा झालाय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय, अशी आत्ता अवस्था असेल तर फॉर्म भरत बसू नका. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. जवळच्या एका माणसाला तरी लगेच सांगा आणि त्याला सोबत थांबवून घ्या.

पहिली पायरी: काय मोजायचंय ते ठरवा

‘मानसिक आरोग्याची टेस्ट’ असं सरसकट म्हटलं जातं, पण या प्रश्नावल्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. काही लक्षणं मोजतात: झोप उडाली का, भूक गेली का, छातीत धडधडतं का. काही त्याच्या उलट बाजूने जातात: मन प्रसन्न असतं का, रोजच्या जगण्यात रस वाटतो का. लक्षणं नाहीत म्हणजे माणूस मनाने ठणठणीत आहे असं नाही. दिवसभर सगळं वेळेवर करणारा, नीट जेवणारा-झोपणारा आणि तरीही कशातच गोडी न वाटणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लक्षणांच्या बेरजेत तो सहज निसटतो.

सर्वसाधारणपणे मन कसं आहे हे बघायचं असेल तर डब्ल्यूएचओ-५ घ्या. बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिची पाचही विधानं चांगल्या बाजूची आहेत. त्यामुळे भरणाऱ्याला आपण रुग्ण असल्यासारखं वाटत नाही, आणि ‘मला काय झालंय?’ म्हणून अंग चोरणारी माणसंही ती भरतात.

उदासी वाढत चालल्याची शंका असेल तर पीएचक्यू-९. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी ती २००१ साली प्रसिद्ध केली. वापरायला परवानगी किंवा पैसे लागत नाहीत, आणि मराठी भाषांतर उपलब्ध आहे. सतत काळजी, धास्ती, जिवाला घोर असा प्रकार असेल तर जीएडी-७, साल २००६. या दोन्ही बरोबरीने भरायला हरकत नाही, कारण उदासी आणि चिंता बऱ्याचदा हातात हात घालूनच येतात.

बाळंतपणानंतरच्या महिन्यांत मात्र पीएचक्यू-९ सांभाळून वाचावी लागते. तान्हं बाळ रात्री चार वेळा उठवत असताना ‘झोप लागत नाही’, ‘थकवा येतो’ यांना गुण मिळणारच. माहेरी आलेल्या बाळंतिणीसाठी ‘एडिनबरा’ प्रश्नावली आहे. १९८७ पासून वापरात असलेली ही दहा प्रश्नांची प्रश्नावली अशा शारीरिक तक्रारी टाळून मागच्या सात दिवसांबद्दल विचारते.

एकूण आयुष्याबद्दल समाधान वाटतं का, हा आणखी वेगळा प्रश्न. त्यासाठी एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ सालची पाच विधानांची समाधान-श्रेणी आहे. गुण ५ ते ३५, आणि २० म्हणजे मधोमध. तिचा आकडा हळू हलतो, म्हणून दर महिन्याला ती भरण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा, वाढदिवसाला भरा हवं तर. वॉरिक-एडिनबरा ही चौदा विधानांची श्रेणी चांगली आहे, पण तिच्या वापरासाठी आधी परवाना घ्यावा लागतो. घरगुती वापराला तिची गरज नाही.

खऱ्या प्रश्नावलीला नाव असतं, ती किती दिवसांबद्दल विचारते हे वरच लिहिलेलं असतं, आणि गुण कसे मोजायचे हे उघड असतं. निकाल दाखवण्याआधी मोबाइल नंबर मागणारी आणि निकालाखाली लगेच ‘कोर्स’ विकणारी चाचणी बंद करून टाका.

दुसरी पायरी: वेळ, जागा आणि शेजारी कोण

बीपी मोजण्याआधी डॉक्टर पाच मिनिटं शांत बसवतात, तसंच इथेही करा. जिना चढून धापा टाकत, भांडण नुकतंच संपलेलं असताना किंवा लग्नघरातून परतल्या संध्याकाळी भरलेला फॉर्म त्या तासाबद्दल सांगतो, पंधरवड्याबद्दल नाही. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवून टाका. रविवार सकाळ बऱ्याच जणांना जमते. पण एकदा रविवार सकाळ म्हटलं की पुढच्या वेळीही रविवार सकाळच. सोमवारी रात्रीचा आकडा त्याच्या शेजारी ठेवला तर फरक मनाचा की वाराचा, हे कळणार नाही.

फॉर्म एकट्याने भरा. नवरा-बायकोनेही एकमेकांचा बघत भरू नये. मी ‘कधीच नाही’वर खूण केली तर यांना काय वाटेल, हा विचार मनात आला की पेन आपोआप एक घर पुढे सरकतं. हे फार सूक्ष्म असतं आणि भरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

डब्ल्यूएचओ-५, पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ तिन्ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, आणि सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. ‘दोन आठवडे’ म्हटलं की माणूस कालपरवाचं आठवून उत्तर देतो. म्हणून भरायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहा आणि बरोबर चौदा दिवसांपूर्वीच्या तारखेवर बोट ठेवा. त्या दिवशी काय होतं? पगार झाला होता, पाहुणे आले होते, मुलाची सहामाही सुरू झाली होती. तिथून आजपर्यंतचे दिवस एकदा नजरेखालून घाला आणि मगच पहिला प्रश्न वाचा. घरातल्या वयस्कर बायकांना तारखेपेक्षा ‘मागच्या एकादशीपासून या एकादशीपर्यंत’ हे पटकन समजतं, आणि तो हिशेब पंधरा दिवसांच्या आसपासच येतो.

ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात. वाचणारा कोण, यावर उत्तर बदलतं. सुनेने सासूला विचारलं, ‘आई, मागच्या पंधरा दिवसांत तुम्हाला शांत, निवांत वाटलं का?’ तर उत्तर ठरलेलं आहे: ‘वाटतं की! मला काय कमी आहे?’ हेच शेजारच्या गल्लीतल्या, घरच्या राजकारणाशी संबंध नसलेल्या बाईने विचारलं तर आजी जरा थांबतात, पदर सारखा करतात आणि मग बोलतात. समोरासमोर विचारल्यावर लोक सहसा जरा बरंच सांगतात, ही या पद्धतीची जुनी अडचण आहे. ती पूर्ण टळत नाही. पण वाचणारा तोच ठेवला तर निदान दर वेळची अडचण सारखी राहते. वाचणाऱ्याने शब्द आहेत तसेच वाचावेत, आपली उदाहरणं जोडू नयेत, आणि उत्तर ऐकून ‘असं का हो?’ म्हणू नये. पाच प्रश्न होईपर्यंत गप्प राहणं आपल्याकडे अवघड जातं, पण तेवढं पाळा.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष भरणं

डब्ल्यूएचओ-५च्या पाच विधानांचा आशय असा: मी आनंदी, प्रसन्न मनःस्थितीत होतो, मला शांत आणि निवांत वाटलं, मला उत्साही, अंगात जोम असल्यासारखं वाटलं, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं, माझ्या रोजच्या जगण्यात मला रस वाटणाऱ्या गोष्टी होत्या. भरण्यासाठी मूळ फॉर्मचं अधिकृत भाषांतर घ्या, माझी वाक्यं नकोत. प्रत्येक विधानाला ५ ते ० गुण. सगळा वेळ ५, बहुतांश वेळ ४, अर्ध्याहून जास्त वेळ ३, अर्ध्याहून कमी वेळ २, थोडा वेळ १, अजिबात नाही ०.

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आहेत. वय चाळीसच्या पुढे, घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, शाळेत नेहमीचं ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. प्रसन्न मनःस्थिती: मधूनमधून असते, २. शांत, निवांत: १. उत्साह: २. सकाळी ताजंतवानं: रात्री दोनदा उठावं लागतं, १. रस वाटणाऱ्या गोष्टी: वर्गात मुलांसमोर उभं राहिलं की सगळं विसरायला होतं, ३. बेरीज ९. तिला ४ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी ३६.

या बाईंचा पेन दोन ठिकाणी अडखळला असता. ‘उत्साही’ म्हणजे काय? दिवसभर धावपळ तर होतेच, मग ५ लिहायचे का? नाही. विधान किती काम केलं हे विचारत नाही, अंगात जोम वाटला का हे विचारतं. दुसरी अडचण पाचव्या विधानाला. शाळेतला आनंद मोजायचा तर घरातल्या ओढाताणीचं काय? इथे सरासरी काढत बसायचं नसतं. दिवसांत अशा गोष्टी किती वेळ होत्या, एवढंच उत्तर द्यायचं. एका विधानावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त रेंगाळू नका. जितका विचार कराल तितकं उत्तर शहाण्यासारखं होतं आणि खोटंही.

सगळ्या ओळींवर मधल्याच पर्यायावर खूण करत जाण्याची सवयही असते. फॉर्म संपल्यावर पाचही उत्तरं सारखी दिसली तर तो बाजूला ठेवा, चहा घ्या आणि पुन्हा भरा. एखादं उत्तर सुटलं असेल तर अंदाजाने भरू नका, त्या माणसाला पुन्हा विचारा.

चौथी पायरी: आकडा वाचणं

डब्ल्यूएचओ-५मध्ये ५० किंवा त्याहून कमी म्हणजे मनाची तब्येत खालावलेली आहे, नीट लक्ष द्यायला हवं. २८ किंवा त्याहून कमी असेल तर नैराश्याची शक्यता गंभीरपणे घ्यायची आणि तपासणी करून घ्यायची. आपल्या बाई ३६ वर आहेत. पुढचं पाऊल म्हणून त्यांनी पीएचक्यू-९ भरावी.

पीएचक्यू-९मध्ये नऊ तक्रारी आहेत: कशात रस न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकीला ० ते ३ गुण. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. चौदा दिवसांत ‘निम्म्याहून जास्त’ म्हणजे साधारण आठवडाभराच्या पुढे. झोपेच्या प्रश्नात कमी आणि जास्त दोन्ही येतात, भुकेच्याही. दिवसभर लोळणारा मुलगा ‘मला झोप चांगली लागते’ म्हणून शून्य लिहितो, ते चूक. एकूण गुण २७ पैकी: ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. जीएडी-७चे गुण २१ पैकी, आणि तिथे सीमा ५, १० आणि १५.

आता दोन फॉर्म शेजारी ठेवून बघा. शाळेतल्या बाईंचा: रस नसणं १, उदासी १, झोप ३, थकवा २, भूक ०, स्वतःबद्दल वाईट वाटणं १, लक्ष न लागणं १, शेवटची दोन शून्य. एकूण ९. दुसरा समजा पंचविशीतल्या एका मुलाचा, स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नानंतरचा: रस नसणं ३, उदासी ३, स्वतःबद्दल वाईट वाटणं २, शेवटचा नववा प्रश्न १, बाकी शून्य. एकूण ९. दोघेही कागदावर ‘सौम्य’. पण बाईंच्या नवापैकी पाच गुण झोप आणि थकव्याचे आहेत. त्यांना आधी रात्रीची पाळी वाटून घेणारं कुणीतरी हवं, आणि हिमोग्लोबिन-थायरॉइड तपासून घ्यायला हवं. त्या मुलाशी मात्र आजच बोलायला हवं. नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं की बेरीज बाजूला ठेवायची. एकूण चार असो की चोवीस.

एकूण आकड्याआधी ओळी वाचा, हे मी ज्याला त्याला सांगत असतो. पहिल्या दोन ओळी, म्हणजे रस नसणं आणि उदासी, या गाभ्याच्या. त्या दोघींची बेरीज ३ किंवा जास्त असेल तर एकूण आकडा कमी असला तरी दुर्लक्ष करू नका. फॉर्मच्या तळाला आणखी एक प्रश्न असतो: या तक्रारींमुळे काम, घर, लोकांशी वागणं किती अवघड झालं? त्याला गुण नसतात म्हणून लोक तो सोडतात, पण डॉक्टर तो आवर्जून बघतात.

आणि १० च्या वर गेलात म्हणजे नैराश्य झालंच, असंही नाही. हे समजायला थोडी आकडेमोड लागते, पण ती करण्यासारखी आहे. मूळ अभ्यास अमेरिकेतल्या दवाखान्यांत झाला. त्यात सहा हजार रुग्ण होते आणि त्यांपैकी ५८० जणांची तज्ज्ञाने वेगळी मुलाखत घेतली. १० ही सीमा धरली तेव्हा गंभीर नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के योग्य रीतीने बाजूला राहिले. आता समजा तुमच्या गावातल्या हजार जणांनी फॉर्म भरला आणि त्यातल्या पन्नास जणांना खरोखर नैराश्य आहे. पन्नासातले ४४ सीमेच्या वर येतील. उरलेल्या साडेनऊशेतले १२ टक्के, म्हणजे ११४ जणही वर येतील. एकूण १५८ जणांना ‘धोका’ दिसेल, आणि त्यातले खरे ४४. दहा जण सीमेपलीकडे असतील तर त्यातल्या सात जणांना तो आजार नसेल. एवढी चांगली प्रश्नावली असूनही!

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. गोव्यातल्या प्राथमिक उपचार केंद्रांत ५९८ रुग्णांवर पाच प्रश्नावल्या ताडून पाहिल्या होत्या. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पाचही प्रश्नावल्या बऱ्यापैकी चालल्या, पण सीमेवर गेलेल्यांपैकी तज्ज्ञ मुलाखतीत खरोखर त्रास निघाला तो ५१ ते ७७ टक्क्यांना. तेही दवाखान्यात आलेल्यांमध्ये, म्हणजे जिथे त्रास असण्याची शक्यता मुळातच जास्त. म्हणून सीमेच्या वर गेलेल्या माणसाला ‘तुला डिप्रेशन आहे’ असं सांगू नका. ‘एकदा दाखवून घेऊ’ एवढंच म्हणा.

उलटही होतं. नैराश्य असलेल्या पन्नासातले सहा जण सीमेखालीच राहिले. माणूस डोळ्यांसमोर खंगत असेल आणि फॉर्म ‘सगळं ठीक’ म्हणत असेल, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

पाचवी पायरी: पुन्हा मोजणं

एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचे चार-पाच आकडे ओळीने जास्त सांगतात. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा भरू नका, कारण दिवस एकमेकांवर येतात. काही त्रास नसेल तर महिन्यातून एकदा पुरे. उपचार सुरू असतील तर डॉक्टर किंवा समुपदेशक सांगतील तसं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे ओळखीचं असेल. तिथल्या सरकारी समुपदेशन सेवेत पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ प्रत्येक भेटीला भरून घेतात.

साधी वही घ्या. तारीख, वार, आकडा आणि एका ओळीत त्या पंधरवड्यात काय घडलं ते. ही एक ओळ फार महत्त्वाची. सहा महिन्यांनी आकडा का घसरला होता हे आठवत नाही, पण ‘सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं’ हे वाचलं की उलगडतं. नव्याने भरताना मात्र जुनं पान उघडू नका. मागच्या वेळी ३ लिहिले होते, आता २ लिहिले तर बिघडल्यासारखं दिसेल, असा हिशेब माणूस नकळत करतो.

किती फरक पडला म्हणजे खरा फरक? डब्ल्यूएचओ-५मध्ये १०० पैकी १० गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात. पण आकडा चार-चारने हलतो, त्यामुळे प्रत्यक्षात तीन पायऱ्या हलाव्या लागतात. आपल्या बाई पुढच्या महिन्यात ४४ वर आल्या, तर दोनच पायऱ्या चढल्या. बरं वाटलं असेल, छान, पण अजून थांबून बघायचं. त्यापुढच्या महिन्यात ६० झाले तर नक्की काहीतरी बदललं. पीएचक्यू-९मध्ये ५ गुणांचा फरक असाच धरतात.

लोक पहिला फॉर्म बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत भरतात, कारण तेव्हाच तो आठवतो. मग दुसऱ्या वेळी आकडा जरा वर येणं हे काहीही न करता होतं. त्याचं श्रेय नव्या काढ्याला, नव्या ॲपला किंवा परवाच्या शिबिराला लगेच देऊ नका. तिसरा आणि चौथा आकडा येऊ द्या.

गटात वापरायची असेल तर

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत लोकांपर्यंत पोचायचं, बोलायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे मोजायला पीएचक्यू-९च वापरली होती. पण प्रमाण वाढलं ते प्रश्नावलीमुळे नाही. फॉर्मच्या पलीकडे बोलायला माणसं उभी होती म्हणून वाढलं.

शाळा-कॉलेजांत आणि ऑफिसात नेमका हाच भाग राहून जातो. ‘मानसिक आरोग्य दिना’ला शंभर फॉर्म वाटायचे, गोळा करायचे, कपाटात ठेवायचे. नवव्या प्रश्नाला ‘रोज’ अशी खूण केलेल्या मुलीला वाटतं, मी सांगितलं आणि कुणीच काही केलं नाही. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. त्याच दिवशी फॉर्म तपासणारं माणूस, बोलायला समुपदेशक आणि पाठवायला दवाखाना, हे तिन्ही ठरलेलं नसेल तर गटात पीएचक्यू-९ वापरू नका. डब्ल्यूएचओ-५ वापरा, तीही नाव न लिहिता. नाव नसेल तर एकेकट्याला मदत करता येत नाही, पण कोणत्या वर्गात, कोणत्या पाळीत ताण आहे हे दिसतं. बरेचदा संस्थेला हवं असतं तेवढंच. गट सहा-सात जणांचा असेल तर मात्र सरासरीही जाहीर करू नका. कुणाचे गुण कमी ते सगळ्यांना कळतं.

नाव लिहून घेणार असाल तर फॉर्म कोण बघणार, कुठे राहणार आणि कधी फाडणार हे आधी सांगा. ‘नाही भरायचं’ म्हणण्याची खरी मोकळीक द्या. साहेब दारात उभे असताना मिळालेली संमती ही संमती नव्हे. पगारवाढ, बढती, कामाचा आढावा यांच्या जवळपासही हे कागद येता कामा नयेत. एकदा तसं झालं की पुढच्या वर्षी सगळ्यांचे गुण शंभर येतील.

दाखवायला जाताना

सरकारी व्यवस्थेत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. घरच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालतं. थायरॉइडचा त्रास, रक्त कमी असणं, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधं आणि दारू यांनीही उदासी आणि थकव्याचे गुण वाढतात, त्यामुळे ते आधी रक्त तपासायला सांगतील.

वही सोबत न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही न्या, आयुर्वेदिक-होमिओपॅथीसकट. नुसता एकूण आकडा सांगू नका, भरलेला फॉर्म समोर ठेवा म्हणजे कुठल्या ओळी वर गेल्या ते त्यांना दिसेल. ‘काही नाही हो, जरा टेन्शन’ असं म्हणून खुर्चीतून उठायची घाई होते, तेव्हा तो कागद तुमच्या वतीने बोलतो. तिथे पुन्हा नवा फॉर्म भरायला दिला तर कंटाळा करू नका. वही मिटून ठेवा आणि मागच्या चौदा दिवसांचं जसं आठवेल तसं लिहा.